साडूंच्या गाडीच्या काचा

काळजी करण्यात माझ्या थोरल्या साडूंचा हात धरेल असा माणूस अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात सापडायचा नाही. घराला कुलूप लावलं की ते ओढून बघतात, कोपऱ्यापर्यंत गेले की परत येऊन ओढतात, आणि एवढं ओढल्यानं कुलूपच ढिलं झालं नसेल ना, ही नवी काळजी घेऊन निघतात. गाडी चालवताना त्यांचा अंगठा हॉर्नवरून हलत नाही. समोर म्हैस असो, वरात असो, नाहीतर काहीच नसो. "मोकळ्या रस्त्याचाच जास्त भरवसा न्हाय," असं त्यांचं म्हणणं.

अशा माणसाच्या बायकोचं, म्हणजे आमच्या आक्कांचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन सोलापुरात झालं आणि डोळ्यात धुळीचा कण जाता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं. झालं, साडूंची झोप उडाली. घरी मैंदर्गीला निघायच्या दिवशी मी सोबतीला गेलो. उन्हात तापलेली गाडी निवावी म्हणून साडूंनी दवाखान्यासमोर चारही काचा खाली केल्या, काळा चष्मा लावलेल्या आक्कांना पुढं बसवलं आणि बटण दाबलं. एकही काच वर येईना. तेवढ्यात रस्त्यावर वावटळ उठली. साडूंनी आक्कांना आधी दवाखान्यात परत नेऊन बसवलं आणि येऊन मला हळूच म्हणाले, "साडूभाऊ, हिला डोळं मिळालं, ते मीच परत घालवतोय की काय?"

मी दुसरी गाडी करू म्हटलं, तर अनोळखी ड्रायव्हरच्या हाती आक्कांना द्यायला ते तयार होईनात. रविवार, त्यामुळे गॅरेज बंद. मग घामानं निथळत त्यांनी गाडीसोबतचं पुस्तक उघडलं. काचा लॉक करायचं बटण चुकून दाबलं गेलं होतं का, ते पाहिलं, तसं नव्हतं. गाडी बंद करून परत चालू केली, उपयोग नाही. शेवटी स्टिअरिंगखालचं झाकण काढलं, तर काचांचा फ्यूज जळालेला. तेवढ्याच ताकदीचा दुसरा फ्यूज पुस्तकात शोधला, तो निघाला हॉर्नचा. साडू क्षणभर त्याच्याकडे बघत राहिले, मग उपटून काचांच्या जागी बसवला. चारही काचा वर आल्या.

तो सगळा रस्ता साडू बैलगाडीच्या वेगानं, हॉर्नविना मुक्यानं गेले. प्रत्येक वळणावर त्यांचा श्वास अडकायचा, आणि मागे बसून माझाही.

गावाची शीव आली तशा आक्का म्हणाल्या, "अवो, जरा काच खाली करा की. गावचं वारं लागू द्या."

साडूंनी गाडी थांबवली. मला वाटलं, आता डॉक्टरांचं नाव निघणार. पण त्यांनी बोटभर काच उतरवली, खाली उतरून पलीकडे गेले आणि खांद्यावरचा टॉवेल दोन्ही हातांनी त्या फटीपुढे धरून उन्हात उभे राहिले. आक्कांनी चष्म्याआड डोळे मिटून घेतले.

थोड्या वेळानं साडूंनी विचारलं, "झालं का? लावू का काच?"

"थांबा की जरा," आक्का म्हणाल्या.

ते थांबले.