चौथा थर

आण्णांचा कोणाच्याही शब्दावर विश्वास नव्हता. स्वतःच्याही नव्हता. एखादी खोली दहा बाय बाराची आहे हे त्यांनी काल स्वतः मोजलेलं असलं, तरी आज कागदावर लिहिण्याआधी ते पुन्हा टेप सोडत. "काल मोजलं ते काल," म्हणत. माण तालुक्यात ते ओव्हरसीअर म्हणून आले तेव्हा चाळिशी उलटलेली होती. तरुणपणी पलटणीत पूल बांधायचं काम केलेलं, त्यामुळे पाठ ताठ आणि बोलणं तोकडं. सरकारी मदतीनं जे काही उभं राहील, शाळा, विहीर, मोरी, घर, ते मोजायचं आणि दाखला द्यायचा एवढंच त्यांचं काम. पण हे 'एवढंच' किती असतं ते त्यांच्या हाताखालून गेलेल्यांनाच ठाऊक.

मी त्याच भागात ग्रामसेवक होतो. मूळचा सांगलीकडचा, कृष्णाकाठच्या मळीत वाढलेला. माणातली नेमणूक हातात पडली तेव्हा आमच्या घरी सुतक असल्यासारखी शांतता पसरली होती. या उघड्याबोडक्या माळावर मला धरून ठेवलं असेल तर ते आण्णांनी, असं आज म्हणतो. त्या वेळी मात्र ते येणार म्हटलं की मी आदल्या रात्री सगळे कागद पुन्हा तपासत बसे.

त्यांच्या थोरल्या मुलीचं लग्न ठरत होतं तेव्हाची गोष्ट. मध्यस्थानं सांगितलं होतं, मुलगा साडेपाच फूट उंच. रहिमतपूरला आण्णांच्या घरी बैठक बसली, पोहे झाले, आणि आण्णांनी मुलाला दाराच्या चौकटीला उभं केलं. त्याच्या डोक्यावर पाटी आडवी धरली, पेन्सिलीनं खूण केली, टेप लावली. दोन इंच कमी भरला. वरपक्षाची माणसं चपला शोधू लागली. आण्णा शांतपणे म्हणाले, "दोन इंच कमी हाय. बाकी पोरगा चांगला हाय. आमाला पसंत." लग्न झालं. मुलगी माण तालुक्यातच दिली गेली आणि माझ्या नेमणुकीच्या गावचे सरपंच तिचे चुलतसासरे झाले.

हे नातं पुढे आण्णांना चांगलंच महागात पडलं. गावात शाळेची खोली बांधायचं काम सरपंचांनीच घेतलं होतं. भिंत अठरा इंची हवी, ती निघाली चौदा. सरपंच हसून म्हणाले, "पाहुनं, चार इंचात काय शाळा पडती व्हय?" आण्णा टेप गुंडाळत म्हणाले, "भिंत कुनाची पाहुनी नसती." त्यांनी चौदा लिहिलं. भिंत पाडून पुन्हा बांधावी लागली. त्या दिवाळीला सासरच्यांनी मुलीला माहेरी पाठवलं नाही. आण्णांच्या कारभारणीनं डोळ्याला पदर लावला.

मोजायला जायचं त्या गावात ते पाण्याचा घोट घेत नसत. सायकलला फिरकीचा तांब्या बांधलेला असे, तेवढंच पाणी. "पानी प्यालं की टेप ढिली पडती," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. एकदा एका म्हातारीनं ताकाचा गडवा पुढे केला, तर तिच्या पाया पडले, पण ताक घेतलं नाही. मला हे जरा जास्तच वाटे. ताकाच्या गडव्यात विकला जाणारा माणूस मी अजून पाहिलेला नव्हता.

अशातच आमच्या गावाला घरबांधणीची योजना आली. गावाबाहेरच्या वस्तीतल्या बावीस कुटुंबांची सोसायटी झाली. ही मंडळी थोड्याच वर्षांपूर्वी बौद्ध झालेली. निम्मे बाप्ये मुंबईला गिरणीत, मागे बाया, म्हातारी माणसं आणि पोरं. योजनेत जागा सरकारची. घराचं जोतं ज्याचं त्यानं अंगमेहनतीनं उभं करायचं. जोतं पुरं झाल्याचा ओव्हरसीअरचा दाखला मिळाला, की भिंती, चौकटी आणि कौलांसाठी मदत मिळायची. मार्च संपायच्या आत दाखले साताऱ्याला पोचले नाहीत तर मदत परत जायची. जोतं जमिनीपासून दोन फूट, असं परिपत्रकात होतं. माणात पाऊस पडतो पाहुण्यासारखा, चुकून, तिथं दोन फूट जोतं कशाला, हे वर कोणी विचारलं नव्हतं.

वस्तीत शेवंताआत्या म्हणून एक म्हातारी होती. सोसायटीची चेअरमन दुसरी कोणी होती, पण वस्ती चालायची आत्याच्या तोंडावर. तिची झोपडी इतकी बुटकी की आत जायचं म्हणजे कमरेत घडीच घालावी लागे. पहिल्या दिवशी तिनं आण्णांना एकच प्रश्न विचारला. "आवं सायेब, दार केवढं आसंल?"

"सहा फूट, आत्या. पलटनीतला जवान बी ताठ आत जाईल."

"मग झालं. आतली खोली ल्हान आसली तर आसू द्या. जलमभर वाकून आत शिरले. मरायच्या आदी एकदा ताठ जायचंय."

आण्णांना त्या कामानं पछाडलं. बाकीच्या गावी मोजायला जाणारा माणूस इथं स्वतः चुन्याची फक्की टाकून बावीस घरं आखून गेला. दोरी सरळ आहे की नाही ते जमिनीला गाल लावून पाहिलं. रविवारीसुद्धा दहिवडीच्या मुक्कामाहून सायकल मारत यायचे. बाया डोंगरातून दगड डोक्यावर आणत, वडार ते घडवत, आणि आण्णा उन्हात उभे राहून थर कसा बसवायचा ते दाखवत. त्या हिवाळ्यात मी त्यांना पहिल्यांदा शीळ घालताना ऐकलं. फेब्रुवारीत दुसऱ्या भागातल्या पाझर तलावावर त्यांना जावं लागलं. जाताना मला म्हणाले, "गड्या, आता नुसता वरचा थर ऱ्हायलाय. तू हाईस न्हवं?"

मी होतो. मी होतो हेच तर सांगायचंय.

चारी थर पुरे झाले, वडार आपलं बिऱ्हाड गाढवांवर लादून पुढच्या कामाला निघून गेले, आणि मग वस्तीची बैठक बसली. गावच्या पारावर या लोकांना कधी बसता आलेलं नव्हतं. चावडीतही उभ्यानंच बोलायचं. तेव्हा सगळ्यांना मिळून बसायला आपला एक चौथरा हवा, त्यावर आपलं निशाण लावायचं, आणि एप्रिलात बाबासाहेबांची जयंती तिथंच करायची, असं ठरलं. दगड कुठून आणायचे? आत्या म्हणाली, "घर ज्याचं त्याचं, चौथरा समद्यांचा. मग समद्यांनी सारकं द्या." म्हणून बावीसही जोत्यांचा वरचा थर उतरवला गेला. कोणाचा दगड जास्त नाही, कोणाचा कमी नाही. आण्णांनी आखलेली लांबी-रुंदी त्यांनी सुतभर हलू दिली नव्हती. माप म्हणजे लांबी आणि रुंदी, अशी त्यांची समजूत. उंचीही मोजतात हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

परिपत्रक माझ्या कपाटात होतं. सांगायचं काम माझं होतं. चौथरा झाला त्या संध्याकाळी मी त्याच्यावर बसून चहा प्यालो, सगळ्यांचं कौतुक केलं, आणि दोन फुटांची आठवण मला झाली नाही.

मार्च संपायला चार दिवस असताना आण्णा आले. लांबून चौथरा दिसला तेव्हा खूश झाले. "झ्याक बांधलाय," म्हणाले. मग पहिल्या जोत्यावर टेप उभी धरली. दीड फूट. दुसऱ्यावर धरली. दीड फूट. तिसऱ्या जोत्यापाशी त्यांनी मान वर करून चौथऱ्याकडे पाहिलं, आणि त्यांना कळलं. तरी बावीसही जोती त्यांनी मोजली. मोजता मोजता ते म्हातारे होत चालल्यासारखे मला दिसले.

बाया भोवती जमल्या. आण्णांनी सगळं सांगितलं. एक पोरगा म्हणाला, भोवतालची माती अर्धा फूट खणून काढू, म्हणजे जोतं आपोआप दोन फूट भरेल. आण्णा म्हणाले, "पाया उघडा पडंल, लेकरा. उद्या भिंत बसंल." दगड पुन्हा घडवायचे तर वडार गेलेले, आणि चार दिवसांत बावीस घरांचा थर देवालाही घडवता आला नसता.

मग आत्या पुढे आली. "सायेब, चौथऱ्याचं दगड काढू का माघारी? तुमी म्हना. तुमी म्हनाल तर आत्ता काढतो."

चौथऱ्यावर दोन पोरं पाय सोडून बसली होती. काठीला निशाण होतं. 'काढा', एवढा दोनच अक्षरांचा शब्द. तो म्हटला असता तर परवापर्यंत बावीस जोती पुरी झाली असती आणि पावसाळ्याआधी बावीस चौकटी लागल्या असत्या. आण्णांनी टेप गुंडाळली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी खाली पाहिलं. ज्यांना जन्मात पहिल्यांदा बसायला जागा झाली होती, त्यांना ती मोडा म्हणून सांगायची छाती आम्हा दोघांचीही झाली नाही. आण्णा शेवटी एवढंच म्हणाले, "मी कसं म्हनू, आत्या?"

आत्यानं बायांकडे पाहिलं. बाया चौथऱ्याकडे पाहत होत्या. तिनं पुन्हा विचारलं नाही.

तेवढ्यात सरपंच आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. छत्री मिटून, पान खात उभे राहिले. "मोजा, पाहुनं, मोजा. आमच्या भिंतीला लावली तीच टेप हाय न्हवं?"

परतीच्या वाटेवर मी आण्णांना अक्षरशः विनवलं. म्हटलं, दोन फूट लिहा. भिंत उभी राहिल्यावर कोण बघतंय? सायकल ढकलत ते ओढ्यापर्यंत चालले. मग म्हणाले, "मी दोन लिवलं तर हा सरपंच उद्या अर्ज करनार. चौकशी लागनार. मग ह्यांचं नाव कायमचं जानार. आन् तसं नसतं तरी..." ओढ्यात सायकल आडवी टाकून बसले आणि फिरकीच्या तांब्यातलं पाणी नुसतं जमिनीवर ओतून दिलं. एवढा मोठा माणूस लहान पोरासारखा रडताना मी तेव्हा पाहिला.

त्यांनी दीड लिहिलं. सोबत मुदत वाढवून मागणारं चार पानी पत्र जोडलं आणि स्वतः साताऱ्याला जाऊन दिलं. तीन दिवस ते तिथल्या बाकावर बसून होते. साहेब दौऱ्यावर होते. साहेब आले त्या दिवशी एप्रिल लागला होता. मदत परत गेली. पुढच्या साली नवी गावं निवडली, त्यात आमचं नव्हतं.

वस्तीतलं कोणी आण्णांना एका शब्दानं बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. जयंती मात्र दणक्यात झाली. त्या चौथऱ्यावर बसून सगळ्यांनी भाषणं ऐकली. जोत्यांवर बाया वाळवणं घालू लागल्या. आत्या पुढच्या थंडीत गेली, त्याच झोपडीत.

आण्णांची जतला बदली झाली तेव्हा सरपंचांनी त्यांचा सत्कार ठेवला. शाल दिली, नारळ दिला, आणि भाषणात म्हणाले, "ह्या मानसानं आमच्यात आन् त्यांच्यात फरक केला न्हाई." टाळ्या झाल्या. आण्णांना बोलायचा आग्रह झाला. ते उठले, शाल काढून खुर्चीवर ठेवली आणि सभेतून निघून गेले.

एकोणीसशे साठचं दशक सरत आलं असताना कळलं की आण्णा रहिमतपूरला अंथरुणाला खिळलेत. मी भेटायला गेलो. अर्धं अंग गेलेलं, पण बोलणं शाबूत होतं. मला ओळखलं. पहिलाच प्रश्न विचारला, "त्यांची घरं झाली का रं?"

मी म्हणालो, "झाली, आण्णा. बावीसच्या बावीस."

"बरं," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं.

निरोप घेऊन बाहेर आलो. त्यांच्या कारभारीण मागोमाग ओसरीवर आल्या. हळूच म्हणाल्या, "येईल त्याला हेच इचारत्यात. समदी व्हय म्हनत्यात. आन् दुसऱ्या दिशी परत इचारत्यात."

मी तिथंच थांबलो. चपला पायात घातल्या होत्या, त्या काढल्या आणि आत गेलो. खाटेशेजारी बसून म्हणालो, "न्हाई झाली, आण्णा. एक बी न्हाई."

त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. "शेवंताआत्या?"

"गेली."

"झोपडीत?"

"व्हय."

आण्णांनी चालत्या हातानं माझा हात धरला आणि डोळे मिटले. साडेपाचची माझी परतीची एस.टी. होती, ती रस्त्यानं गेल्याचा आवाज आला. त्यांनी हात सोडला नाही, मीही सोडवून घेतला नाही.