निकाल लागायचाय

पेपर परत देताना मी त्यावर मार्क लिहीतच नाही. चुकलेलं उदाहरण पुन्हा सोडवून आणलं, की मगच आकडा सांगते. बाळकुमच्या आमच्या शाळेत पोरं याला वैतागलीयेत, पालक तर विचारूच नका. "किती पडले तेवढं सांगा ना मॅडम!" मी ऐटीत म्हणायचे, "ते सोडा हो, मेहनत किती केली ते बघा." बोलायला काय जातं!

पन्नाशीत मला गाणं शिकायची हुक्की आली. क्लासमध्ये माझ्याच आठवीच्या वर्गातली एक मुलगी होती. पहिली परीक्षा आम्ही दोघींनी एकत्रच दिली. झपतालाच्या दहा मात्रा मी नवातच उरकल्या. काल क्लासच्या फळ्यावर निकाल लागला. मी नापास. तिचं काय झालं, हे बघायलाही न थांबता जिना उतरले.

आज शाळेत पहिल्याच तासाला मागच्या बाकावरून आवाज आला, "टीचर, गाण्यात किती पडले?"

"निकाल लागायचाय अजून," मी पटकन म्हटलं. खोटं बोलायला रियाज लागत नाही. मग गाण्याच्या क्लासमधल्या त्या मुलीकडे लक्ष गेलं. तिने मान खाली घातली होती. फळ्यावरचा माझा निकाल तिने वाचला असणार.

मधल्या सुट्टीत ती स्टाफरूमच्या दाराशी आली.

"टेन्शन नका घेऊ टीचर, मी कोणाला नाही सांगणार. मी पण नापास झालेय. घरी मी पण तेच सांगितलंय. नाहीतर पप्पा क्लास बंद करतील."

आणि हसली. मैत्रिणीशी हसावं तशी. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. ही पोर पहाटे उठून रियाज करायची, घसा बसला तरी यायची. आणि आता टीचरही आपल्यासारखीच लपवते म्हणून खूश होती.

सुट्टीनंतर वर्गात गेले आणि सांगून टाकलं, "मी सकाळी खोटं बोलले. निकाल लागलाय, मी नापास झालेय." फार हलकं वाटलं. क्षणभरच. कारण सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. "ए, तू पण बसलेलीस ना? तुझं काय?" तिचा चेहरा लालबुंद झाला. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. स्वतःचं ओझं उतरवायच्या घाईत मी तिला उघडं पाडलं होतं.

शाळा सुटल्यावर तिला गेटवर गाठलं. "मी येते घरी. पप्पांना सांगते तू किती मेहनत घेतलीस ते."

"नका येऊ टीचर," ती रडवेली होऊन म्हणाली. "पप्पा म्हणतील, ही तर स्वतःच नापास झालीय."

तरी मी तिच्या मागोमाग गेले. दार तिच्या वडिलांनीच उघडलं. मला बघून ते गडबडले, म्हणाले, "या या मॅडम, बसा ना. काय, नापास झाली की काय ही?"

"आम्ही दोघी झालो," मी म्हटलं.