जमादारच्या गाठी

अक्काने जमादारसमोर कधी आयती भाकरी टाकली नाही. जमादार म्हणजे तिचं कुत्रं. इतरांची कुत्री दारात बसून तुकड्याची वाट बघायची. जमादारला तुकडा शोधावा लागायचा. कधी तो चिंधीच्या गाठीत असायचा, कधी शेंगांच्या टरफलांनी भरलेल्या पोत्यात, कधी फुटक्या माठातल्या वाळूखाली. शेजारणी म्हणायच्या, "अक्का, मुक्या जिवाला कामून छळून राहिलीस?" अक्का भाकरी मोडता मोडता म्हणायची, "छळत न्हाई, कामाला लावलंय. तुमी आठ दिस नुस्तं बसून आयतं खाऊन बगा, मग सांगा कोन कुनाला छळतंय."

आता अक्का नाही, जमादारही नाही. आमच्या गल्लीत मात्र तिचा विषय निघाला की अजून 'ती भानामतीवाली' म्हणतात. मला ते सहन होत नाही, म्हणून हे लिहून ठेवते.

अहमदपूरला आम्ही एकाच आवारात राहायचो. पुढे मालकांचं घर, मागे भाड्याच्या खोल्या. अक्का किनवटच्या पलीकडच्या रानातल्या गावची. नवरा गेल्यावर जमीन दिराने करायला घेतली आणि ती एक बोचकं, एक तवा आणि हे कुत्रं घेऊन भाजीच्या टेम्पोतून इथे आली. एका खानावळीत भाकऱ्या थापायचं काम तिला मिळालं. जमादार तांबडा, लांब तोंडाचा, एक कान रानडुकराने फाडलेला. गावाकडे तो रात्रभर रान राखायचा, म्हणून नवऱ्याने त्याचं नाव जमादार ठेवलं होतं.

इथे राखायला काही नव्हतं. अक्का सकाळी कामाला गेली की तो साखळीला एकटा असायचा आणि ओरडायचा. सूर लावून, थांबून, परत ओरडायचा. सुटला तर उपद्व्याप. मालकांची चप्पल फाडली, तुळशीची माती उकरली. काही करायला मिळालं नाही तर स्वतःचाच पाय चावून चावून लाल करायचा. लोकांनी सल्ले दिले. साखळी आखूड करा, दोन काठ्या घाला, उसाच्या फडात नेऊन सोडा. मालकांनी शेवटचं सांगितलं, की परत तक्रार आली तर कुत्रं तरी राहील नाहीतर खोली तरी.

त्या संध्याकाळी अक्का माझ्या दारात येऊन बसली. मी वाकळ शिवत होते. जमादारच्या पायाला हळद लावत ती म्हणाली, "रानात डुकरं कुठून येतेत, वारं कुठलं हाय, सगळं ध्यानात ठेवायचं ह्ये. हितं काय हाय त्याला? भिंत हाय. डोकं हाय आन डोक्याला काम न्हाई. मग ते चपलीतच घालनार की." माझ्याजवळ चिंध्यांचा ढीग होता. त्यातली एक लांब चिंधी उचलून तिने भाकरीचा तुकडा आत घातला, सैलसर गाठ मारली आणि त्याच्यापुढे ठेवली. त्याने वास घेतला, पंजाखाली धरली, दाताने ओढली. तो उघडेपर्यंत आम्ही दोघी बघत बसलो. इतका वेळ गप्प बसलेला जमादार मी पहिल्यांदाच बघितला.

तेव्हापासून ते रोजचं झालं. कामाला जाण्याआधी अक्का आवारात गाठी लपवून ठेवायची आणि त्याची साखळी काढायची. हळूहळू गाठी घट्ट होत गेल्या, जागा अवघड होत गेल्या. दुपारपर्यंत तो त्या शोधत आणि सोडवत असायचा, मग पाय ताणून असा झोपायचा की माशी बसली तरी हलायचा नाही. अक्का म्हणायची, "पळून पळून नुस्ते पाय दमतेत. डोकं चाललं की सगळं अंग दमतंय." चिंधी पोटात जाऊ नये म्हणून ती जाड काठाच्या, लांब पट्ट्याच घ्यायची आणि संध्याकाळी सगळ्या परत गोळा करून बघायची.

एकदा त्याला एक गाठ काही केल्या सुटेना. तो कुंई कुंई करायला लागला. मी सैल करायला वाकले तर अक्काने माझा हात धरला. "थांब पोरी. तू सोडलीस तर ती तुजी व्हईल. त्याला त्याची सोडू दे." मग मला म्हणाली, "उद्याला काय नवं करायचं सांग." चौथीनंतर शाळा सुटली तेव्हापासून मला कुणी काही सुचतंय का असं विचारलं नव्हतं. मी शिवता शिवता विचार करायला लागले. गाठीच्या आत गाठ मारायची युक्ती मी काढली. नारळाच्या करवंटीत तुकडा बसवून वर काथ्या कोंबायचं मीच सांगितलं. अक्का येणाऱ्या जाणाऱ्याला दाखवायची, "ह्ये आमच्या सुमनचं डोकं हाय." मी पदर तोंडाला लावायचे, पण बरं वाटायचं.

अशात अमावस्या आली. सकाळी मालकांच्या सुनेला उंबऱ्यावर चिंधीची एक गाठ दिसली. लाल आणि काळी चिंधी, गाठीत अडकलेले केस. तिच्या लेकराला आदल्या दिवसापासून ताप होता. मालकांची आई बघायला आली आणि तिथेच खाली बसली. म्हणाली, "भानामती केली कुनीतरी." आमच्याकडे हा एक शब्द पुरतो. घटकाभरात गल्ली गोळा झाली. कुणी गाठीला हात लावेना, काठीनेसुद्धा शिवेना. कुणीतरी लिंबाचा डहाळा आणून आडवा ठेवला. मग एकीला आठवलं की अक्का रोज चिंध्या बांधते, आणि बांधताना कुत्र्याशी पुटपुटते.

अक्का खानावळीतून आली तेव्हा सगळे तिचीच वाट बघत होते. मालक म्हणाले, की कुत्रं आजच्या आज गावाबाहेर गेलं पाहिजे, ते असल्या गाठी घरोघर नेऊन टाकतंय. अक्काची नजर उंबऱ्यावर गेली. "सापडली का! मी कालपासून हुडकून राहिले. म्हनलं पोटात गेली का काय ह्याच्या."

कुणी हसलं नाही. तिने एकेकाच्या तोंडाकडे बघितलं आणि तिला कळलं. ती खोलीत गेली, उरलेल्या गाठी आणल्या आणि आवारात सगळ्यांच्या मधोमध ओळीने मांडल्या.

"सोडा," ती म्हणाली.

कुणी पुढे येईना.

"मी सोडनार न्हाई. मी सोडली तर म्हनाल मंतर मारून सोडली. तुमच्यातल्या कुनीबी सोडा. एवढी मानसं हायत हितं."

मालक एक पाऊल मागे सरकले. आमच्या ह्यांनी मला डोळ्यांनी आत जायची खूण केली. मी पुढे गेले. ओळीतली नाही, उंबऱ्यावरचीच गाठ उचलली. ती मी बांधली होती, काठ माझ्याच जुन्या लुगड्याचा होता. ती घट्ट बसली होती, मला दात लावावा लागला. आतून वाळलेला भाकरीचा तुकडा निघाला. मी म्हणाले, "गाठ माजी हाय. केस जमादारचे हायत, तो पंजाखाली धरतो. भाकर खानावळीतली हाय." मग मी तो तुकडा खाल्ला. दगडासारखा झाला होता. सगळे बघत होते आणि मी चावत होते.

सून हळूच म्हणाली की लेकराला दात येऊन राहिलेत. आजेसासूने तिच्याकडे असं बघितलं की ती आत गेली. म्हातारी माझ्याकडे बोट करून म्हणाली, "आता हिला काय व्हतंय ते बगा." मला काही झालं नाही.

मालक जरा नरमले. म्हणाले, "नसंल भानामती. पण लोक बोलतेत, अक्का. कुत्रं तेवढं घालवा. तुमी राहा, तुमच्याबद्दल काही न्हाई."

"न्हाई म्हनता ना? मग त्याचा गुन्हा काय?" अक्का म्हणाली. "बिनगुन्ह्याचं त्याला घालवायचं आन म्या हितं बसून भाकर खायची? न्हाई जमत मला. खोली घ्या तुमची."

घरात ह्यांनी विचारलं, सगळ्यांपुढे बोलायची काय गरज होती. होती, एवढंच मी म्हणाले.

अक्काने मोंढ्याच्या, धान्यबाजाराच्या, मागे एक खोली बघितली. मी म्हटलं, पहाटे लोक उठायच्या आत निघा, म्हणजे कुणाची तोंडं बघायला नकोत. ती म्हणाली, "चोरी केली का मी?" आणि चांगलं ऊन वर आल्यावर, सगळी दारं उघडी असताना निघाली. सामानाचा हातगाडा पुढे गेला. मागून अक्का आणि जमादार.

फाटकापाशी जमादार थांबला. खांबाचा बुडखा हुंगायला लागला. मालक ओट्यावर उभे होते, म्हातारी खिडकीत, बायका आपापल्या दारात. सगळे अक्का कधी बाहेर पडते याची वाट बघत होते. जमादारने वरपर्यंत वास घेतला, मग दुसऱ्या खांबाकडे गेला, मग नालीच्या कडेला, आणि परत पहिल्या खांबाशी आला.

"ओढा की त्याला," मालक म्हणाले.

अक्काने साखळी उलट सैल सोडली. "ओढत न्हाई मी. नाकानं बगतंय ते. एवढे दिस राह्यलंय हितं, नीट बगून घेऊ द्या."

गाडेवाला वळून बघायला लागला. कुणीतरी खाकरलं. अक्का कंबरेवर हात ठेवून उभी होती, ऊन थेट तोंडावर. मी हातातली सुई वाकळीत खोवली, ह्यांच्या समोरून बाहेर आले आणि तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. जमादारचं हुंगून होईपर्यंत आम्ही दोघी तिथून हललो नाही.