धुरपताबाईचा होकार

आंधळगावच्या धुरपताबाईनं साठ वर्षं मागावर विणायच्या कोशाच्या रेशमी साड्यांसाठी सुताच्या कांड्या भरल्या. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी खोकला हटेना म्हणून मुलानं, अंकुशनं, तिला नागपूरला नेलं, तर उजव्या फुप्फुसात बोराएवढी गाठ निघाली. कॅन्सरच होता, पण अगदी सुरुवातीचा.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दोन मार्ग समजावले. ऑपरेशन केलं तर गाठ मुळासकट निघते, आसपासच्या ग्रंथीही तपासून होतात. पण या वयाला, एवढ्याशा दमाला ते झेपेलच असं नाही. नाहीतर नेमक्या जागी किरणं द्यायची, पाच खेपांत. चिरफाड नाही, मात्र आत काही लपलेलं असेल तर ते पुढे डोकं वर काढू शकतं. अंकुशचा कल ऑपरेशनाकडे होता. धुरपताबाई "घरी चाल" म्हणत उठली.

त्या दिवसापासून तिला तेजराम दिसू लागला. तिचा नवरा, जाऊन एकोणीस वर्षं झालेली. ज्यावर तो आयुष्यभर विणत आला, घरातल्या त्या आता बंद मागावर तो पाठमोरा बसलेला असायचा. जेवताना त्याच्या श्वासाची घरघर कानाशी यायची आणि तिचा घास हातातच राहायचा. सून करुणा विचारायची, आई, कोणाकडे बघता?

शेवटी एका दुपारी तिनं अंकुशला जवळ बसवलं.

"तुह्या बापालेबी छातीतच होतं. त्याईनं सांगतलं होतं, मले कापू देऊ नोको. मी आयकलं नाही. ते गुंगीत होते तवा कागदावर अंगठा मीच लावला."

तेजराम ऑपरेशनच्या टेबलावरच गेला होता. अंकुशला एवढंच माहीत होतं. तो म्हणाला, "तुले काय पायजे, ते सांग."

"किरनं. पन भेवानं म्हणून राहिली का अकलेनं, हे मले समजत नाही."

डॉक्टरीणबाईंनी तिचा दम पुन्हा तपासला. तिच्या वयाला कशानं जास्त आयुष्य मिळेल हे छातीठोक सांगता येत नाही, म्हणाल्या, पण एवढ्या दमाला किरणंच बरी.

पाचही खेपा ती यंत्राखाली न हलता पडून राहिली. शेजारी कोणीतरी जड श्वास घेत होतं. तिनं डोळे उघडले नाहीत.

सहा महिन्यांनी गाठ आकसलेली दिसली. तपासणी चालूच ठेवायची होती, तरी करुणानं गल्लीत पेढे वाटले.

मागावरचा माणूस मात्र गेला नाही. एकदा घरात कोणी नसताना धुरपताबाई त्याच्या मागे जाऊन उभी राहिली.

"मले सगळ्याईनं विचारलं," ती म्हणाली. "तुमी तं न विचारता सांगतलं होतं. तरी मी आयकलं नाही."

तो वळला नाही.