काळशोषाची घागर

अगं सुमे, पत्रातच का होईना, अशी जवळ सरक बघू, आणि आधी चार बोलणी खाऊन घे. नऊ वर्षं तू ती अंतराळातली मालिका लिहितेस, लोक मोबाईलवर ती ऐकत ऐकत झोपी जातात, आणि मावशीची आठवण तुला होते कधी, तर स्वतःच्या हातानं मारलेला खलनायक परत आणायची वेळ आली तेव्हा! "तो नीट परतला नाही तर मालिका बंद करणार आहेत," असं तू लिहिलंस. शाळेची पायरी जेमतेम चढलेली बाई मी, तुला काय सांगणार? पण एक खलनायक मीही मारला होता गं, आणि परतही आणला होता.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं तेव्हा. कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग तेवढा ओला होता, बाकी सगळं कोरडं. डाळ मिलकडून येणारा तुरीच्या फोलाचा उबदार, किंचित गोडसर वास सकाळच्या उन्हात तरंगत राही, आणि त्या सोनेरी धुळीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी टँकरची वाट पाहत घागरी उभ्या असत. माणसं सावलीला, रांगेत घागरी. घागर जिथे, तिथे तुमचा नंबर. तिला परक्यानं हात लावायचा नाही, हा आमचा कायदा. टँकरला दोन तास लागत, कधी तीन, आणि त्या रित्या वेळात मी गोष्ट सांगे. किराण्याच्या पुड्यांचे कागद उलगडून वाचायची मला खोड. त्यांवर उपग्रहांच्या, धूमकेतूंच्या अर्ध्यामुर्ध्या बातम्या असत, उरलेलं अर्धं मी रचत असे. त्यातूनच काळशोष जन्मला: दूरच्या वाळलेल्या ग्रहाचा राजा, तांब्याच्या लांबलचक नळीनं ढग पिणारा, आणि प्यायल्यावर मिशा पुसत दरवेळी "अजून!" म्हणणारा. बायका त्याला मनसोक्त शिव्या घालत, महिनोन्‌महिने.

समोरच्या दुकानदाराच्या घरच्या कमलाक्का तेवढ्या नाक मुरडत. "दुष्काळात पाणीचोराचं नाव कशाला काढायलीस गं? लई अपशकुनी," असं त्या एकदा म्हणाल्या, आणि मी घाबरून दुसऱ्याच दिवशी काळशोषाला सूर्यात ढकलून दिलं. मग एक धूमकेतू आणून पाहिला, एक लोखंडी राक्षस आणला. त्यांना कुणी शिवीसुद्धा दिली नाही. बायका जांभया देत उठू लागल्या. आणि जो राग रोज आकाशाकडे निघून जाई, तो आता बेघर होऊन गल्लीतच भटकू लागला, आणि हळूहळू शेवंताच्या दाराशी येऊन थांबला.

शेवंताचा नवरा नव्या कचेरीत कारकून म्हणून आलेला. ती किनवटकडची, इस्लापूरची. "पावसाळ्यात सहस्रकुंड धबधब्याच्या आवाजात आमाला एकमेकांचं बोलणं ऐकू येत न्हाई," असं ती एकदा भाबडेपणानं बोलून गेली होती, आणि त्या पाण्याबद्दल तिला कुणी माफ केलं नव्हतं.

एका सकाळी रांगेत एक घागर जास्त निघाली. पोचे पडलेली, बिननावाची, नेमकी शेवंताच्या घागरीमागे.

"दोन दोन नंबर लावायलीस का गं?" कमलाक्का कडाडल्या.

"न्हाई हो अक्का, माझी एकच हाय."

"मग ही काय धबधब्यातून वाहत आली?"

हसू उठलं, पण त्याला काटे होते. कुणीतरी शेवंताची खरी घागरच उचलून रांगेबाहेर ठेवली. आमच्याकडे घागर बाहेर म्हणजे माणूस गल्लीबाहेर, उद्यापासून ती त्या रांगेत उभी राहणार नाही, हे तिच्या खाली गेलेल्या नजरेत मला दिसलं, आणि काय बोलतेय हे कळायच्या आत मी बोलून गेले, "ती जास्तीची घागर काळशोषाची आहे."



"मेला न्हाई का तो?" विचारलं कोणी, तर कमलाक्कांनीच! नाक मुरडणाऱ्या बाईनं त्याचं मरण मात्र ध्यानात ठेवलं होतं.

"मेला. पण इतका कोरडा, की सूर्यालाही त्यात जाळायला काही सापडेना. दिला थुंकून." मग गोष्ट आपोआप पुढे सरकली. नळी वितळलेली, मिशा जळालेल्या, तरी मिशांच्या जागी हात फिरवत तो "अजून!" म्हणत होता; आयुष्यात पहिल्यांदा रांगेत उभा होता, आणि तिथंही पायानं घागर हळूच वीतभर पुढं सरकवत होता.

"नंबरानं ये म्हणावं मुडद्याला!" अक्का ओरडल्या, आणि अख्खी रांग हसली. त्या हसण्यात शेवंताची घागर कुणी परत जागेवर ठेवली, ते मला आजही ठाऊक नाही. टँकर आल्यावर "त्या मेल्याचीही भरा," असं बायकांनीच सांगितलं. ती भरलेली घागर दुपारपर्यंत तशीच उन्हात चमकत राहिली.

दुपारी कमलाक्का माझ्या मागच्या दाराशी आल्या, कमरेवर तीच घागर. "माझीच होती," एवढंच म्हणाल्या, आणि वळून शेवंताच्या घराकडे चालू लागल्या. धुळीवर मागे ओल्या थेंबांची एक ओळ उमटत गेली. पाहता पाहता ती वाळूनही गेली.

तेव्हा सुमे, तुझा खलनायक कोणत्या यंत्रानं जिवंत झाला हे शोधत बसू नकोस. तो गेल्यापासून तुझ्या माणसांत काय भटकत राहिलंय, ते बघ. त्याची खोड मात्र त्याच्याजवळ राहू दे. त्या दिवशी मी शेवंताला वाचवलं की कमलाक्कांना, हे मला अजून उमगलेलं नाही. काळशोषाला मी पुन्हा मारलं नाही, एवढं खरं. कमलाक्का आता नाहीत. शेवंताचे केस पांढरे झाले, तरी भेटली की विचारते, "कुठवर आला तो?" ती पोचे पडलेली घागर तिच्याच दारात आहे. ये गं लवकर, दिवाळीची वाट बघू नकोस. दोघी मिळून शेवंताला सांगू, तो कुठवर आला ते.