गोधडीतला बॉयलर

सौरभने बेसमेंटमधल्या टीव्हीवर एक्सेल शीट उघडली आणि म्हणाला, "ताई, आधी डेटा बघू, मग बॉयलर."

मी टूलबॅग खाली ठेवली. चाळीसेक ओळी होत्या. बॉयलर कधी चालला, कधी बंद पडला, बाहेर तापमान किती होतं, वारा कुठून वाहत होता. रिपेअरच्या बाजूला हिरवा रंग, रिप्लेसच्या बाजूला लाल.

"हा फक्त शुक्रवारी संध्याकाळी बंद पडतो," तो म्हणाला. "वीकेंड लोड इश्यू असणार."

"बॉयलरला शुक्रवार कळत नाही."

"पण पॅटर्न आहे ना!"

पॅटर्न होता, हे मात्र खरं.

मी अमेरिकेत श्रूजबरी-वूस्टर भागात हीटिंगची कामं करते. सांगलीला मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, लग्न करून इकडे आले, डिपेंडंट व्हिसावर घरी बसून वैतागले आणि वर्क परमिट हातात पडताच ट्रेड स्कूल गाठलं. आता माझ्याकडे लायसन्स आहे, व्हॅन आहे आणि डग नावाचा बॉस आहे. निघताना डगने बजावलं होतं, "अठ्ठावीस वर्षांचा बॉयलर? चर्चा करू नकोस. नवीन विक."

बॉयलर म्हणजे पाणी तापवून ते पाइपांतून घरभर फिरवणारी मोठी गॅसची शेगडी. ऐन जानेवारीत तो बंद पडला, तर आधी माणसं गारठतात आणि मग पाइप फुटतात. त्यामुळे सौरभची घाई मला कळत होती. आमच्याकडचा एक टेक्निशियन दोनदा येऊन गेला होता. दोन्ही वेळा बॉयलर एखाद्या गुणी मुलासारखा चालला, आणि त्याची पाठ वळली की पुढच्या शुक्रवारी पुन्हा बंद.

तेवढ्यात सौरभची आई तिच्या खोलीतून बाहेर आली. या काकू पुण्याहून दिवाळीत आलेल्या, आणि त्यांची खोली बॉयलरच्या खोलीला लागूनच.

"अगं बाई, तू दुरुस्त करणार? एकटी? आधी चहा घे."

"काम झाल्यावर घेते, काकू."

"बरं. मलाही जरा बसू दे. सकाळपासून डोकं जड झालंय. थंडी बाधली, दुसरं काय!"

हे ऐकून मी चहाचा विचार सोडला आणि सरळ बॉयलरच्या खोलीकडे गेले.

खोली कसली, मोठं कपाटच ते. दाराला आडव्या फटी असतात, आतल्या जाळाला हवा मिळावी म्हणून. दार उघडताना जड लागलं. आतल्या बाजूने एक गोधडी खिळ्यांवर टांगली होती आणि खालच्या फटीत जुनी साडी कोंबली होती. आत उकडत होतं. आंबूस वास येत होता. बॉयलरशेजारी स्टुलावर एक भलामोठा स्टीलचा डबा होता, आणि त्यातलं इडलीचं पीठ झाकण उचलून बाहेर यायच्या बेतात होतं.

"दर शनिवारी मराठी शाळेच्या पालकांना नाश्ता देते ना मी," काकू मागून कौतुकाने म्हणाल्या. "इथल्या थंडीत पीठ वर येतच नाही. शुक्रवारी इथे ठेवलं की कसं फुलतं बघ!"

शुक्रवारचा उलगडा झाला. जाळाला पुरेशी हवा मिळाली नाही की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास; आधी नुसतं डोकं जड होतं. धूर चिमणीत न जाता खोलीत परत फिरला, तर बॉयलरवरचा एक सेफ्टी स्विच सगळं बंद करतो. तो बिचारा दर शुक्रवारी चोख काम करत होता.

पण मग आज बॉयलर चालू कसा?

मी टॉर्च मारला. स्विचच्या दोन टोकांना एक पिवळी वायर जोडलेली होती, म्हणजे स्विच असून नसल्यासारखा.

"सौरभ, ही कुणी लावली?"

"मीच. सेन्सर फॉल्स अलार्म देत होता. काल शुक्रवारी पुन्हा बंद पडला, तेव्हा बायपास केला, टेम्पररी वर्कअराउंड. ऑफिसमध्ये आम्ही…"

माझ्या पट्ट्याला लावलेला कार्बन मोनॉक्साइडचा मीटर किंचाळायला लागला.

"सगळे बाहेर! आत्ताच्या आत्ता!"

मी गॅस बंद केला आणि काकूंचा दंड धरून त्यांना जिन्यावरून वर आणलं. जिन्यात छताला धूर आणि कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मची नुसती रिकामी चकती होती. फोडणी दिली की वाजतो म्हणून अलार्म ड्रॉवरमध्ये ठेवला होता.

पाच मिनिटांत आम्ही ड्राइव्हवेवर बर्फात उभे होतो. काकूंच्या अंगावर शाल होती आणि हातात डबा. तो त्यांनी कधी उचलला, मला आजतागायत कळलेलं नाही. फायर डिपार्टमेंटची गाडी आली. एका आडदांड माणसाने काकूंना ऑक्सिजनचा मास्क लावला आणि डब्याकडे बोट दाखवून विचारलं, "मॅम, व्हॉट्स इन देअर?"

काकू मास्कमधून म्हणाल्या, "सॅटर्डे."

तो गंभीरपणे मागे सरकला.

मी सौरभवर ओरडले. फार ओरडले. "तुझी आई भिंतीपलीकडे झोपते! चाळीस ओळींच्या शीटमध्ये ही वायर कुठल्या कॉलममध्ये आहे?"

मग मी काकूंना विचारलं, "आधी दोनदा माणूस आला, तेव्हा ही गोधडी कुठे होती?"

"काढून ठेवली होती. परका माणूस घरात येणार, त्याला पसारा दाखवायचा? डबा वर नेला, साडी काढली, केर काढला. आज सौरभ म्हणाला, मराठी ताई येणार आहे. म्हटलं, आपलीच मुलगी, तिच्यासाठी काय आवरायचं!"

काकूंनी त्या दिवशीही आवरलं असतं, तर मला एक स्वच्छ खोली आणि एक निरोगी बॉयलर दिसला असता. वायर काढून, सौरभला चार शब्द सुनावून मी निघून गेले असते. पुढच्या शुक्रवारी त्याने ती पुन्हा लावली असती.

"म्हणजे माझ्यामुळेच बंद पडत होता तो," काकू म्हणाल्या. "सौरभ, माझं तिकीट काढ. या घरात एक काम होतं मला, तेही असलं."

"आई, वायर मी लावली." सौरभ रडायला लागला. मग काकूही. मलाही आवरेना.

तासाभराने काकूंचं डोकं हलकं झालं आणि घरातली हवा शुद्ध असल्याचं सांगून गाडी गेली. सौरभने डोळे पुसून विचारलं, "ताई, मग फायनल काय? रिपेअर की रिप्लेस?"

"बॉयलर ठणठणीत आहे. या घरात शहाण्यासारखं वागणारा तो एकटाच होता."

मी छेडछाड झालेला स्विच नवा घातला, फटी मोकळ्या केल्या, अलार्म पुन्हा छतावर चढवला. पीठ आता अव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवतात, आणि शनिवारचा नाश्ता चालू आहे. डगने रिपोर्ट वाचून फोन केला, "कॉज ऑफ फेल्युअर, ब्लँकेट? पार्ट नंबर काय टाकू?"

तेव्हापासून आपल्या लोकांकडे जाण्याआधी मी फोनवर एकच गोष्ट सांगते: मी येणार म्हणून काहीही आवरू नका, जसं आहे तसं राहू द्या. परवाच एका मावशींना हे सांगितलं. "छे गं, मी कशाला आवरतेय," त्या म्हणाल्या. त्यांच्याकडच्या व्हॅक्यूम क्लीनरच्या आवाजात त्या काय म्हणाल्या, ते मला दोनदा विचारावं लागलं.