सात मिनिटं पुढची सही

ऑफिसात तिला सगळे कडीबाई म्हणत. दोन संस्थांच्या यंत्रणा इंटरनेटवरून जोडल्या की जणू मधल्या दाराशी बसून ओळख तपासायची, हे तिचं काम. येणाऱ्या प्रत्येक निरोपावर डिजिटल सही हवी आणि ती केव्हा केली ती वेळही हवी. एक जरी चुकलं तरी कडी निघत नसे. अकरा वर्षं हेच करूनही तिला कंटाळा आला नव्हता.

त्या दिवशी एका तपासणी लॅबचे रिपोर्ट पहिल्यांदाच थेट रुग्णालयात जायचे होते. सकाळपासून एकही गेला नव्हता.

"बारापर्यंत नाही झालं तर आजच्यापुरती सहीची तपासणी बंद ठेवा," साहेब म्हणाले. "एका दिवसाने काय आभाळ कोसळतंय?"

"साहेब, आजच्यापुरतं उघडलेलं दार लावायचं कुणाच्या लक्षात राहत नाही."

"बारा," म्हणून साहेब गेले.

तिने लॅबच्या तंत्रज्ञाला फोन लावला.

"ताई, आमची सही बरोबर आहे हो. तीनदा पाहिली."

"मीही पाहिली. अगदी सुरेख आहे. तुमच्याकडे वाजले किती?"

"अकरा अठ्ठेचाळीस."

तिच्याकडे अकरा एक्केचाळीस झाले होते. "भिंतीवर की सही करणाऱ्या मशीनवर?"

"दोन्हीकडे. आमच्या मॅडम सगळी घड्याळं सात मिनिटं पुढे ठेवायला लावतात. आम्ही वेळेवर यावं म्हणून. मशीनचं मीच केलं."

तिला हसू आवरेना. सही खरीच होती, फक्त अजून न उगवलेल्या क्षणाची होती. दार तरी कसं विश्वास ठेवणार?

"भिंतीवरचं असू द्या. मशीनचं तेवढं खरं करा."

"मॅडमना काय सांगू?"

"सांगा, मशीन कधी उशिरा येत नाही."

अकरा बावन्नला पहिला रिपोर्ट आत गेला, मग भराभर बाकीचे. बाराच्या ठोक्याला साहेब आले.

"केली बंद?"

"नाही. कडी लावलेलीच आहे."

साहेबांनी पडद्याकडे पाहिलं. "असू द्या मग," म्हणाले आणि परतले.

संध्याकाळी ती नेहमीच्याच वेळेला घरी पोचली. स्वयंपाकघरातलं घड्याळ सासूबाईंनी कायमचं दहा मिनिटं पुढे ठेवलं होतं.

"उशीर झाला गं आज."

तिने भिंतीकडे पाहिलं, मग मनगटाकडे.

"हो आई, झाला थोडा," ती म्हणाली आणि चहाचा कप घेऊन त्यांच्याजवळ बसली.